तिकडचं खुलताबाद

खुलताबादला जायचं असलं की सर पासपोर्ट खिशात घालायचे. औरंगाबादहून एसटीनं तासाभराचा रस्ता, मध्ये दौलताबादचा घाट, आणि तेवढ्यासाठी हा माणूस इस्त्रीचा शर्ट, त्यावर बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर आणि शर्टाच्या खिशात पासपोर्ट असा नटून निघायचा. एप्रिलच्या उन्हातसुद्धा स्वेटर. कंडक्टर विचारायचा, "आजोबा, ताप हाय का अंगात?" सर तिकीट घडी घालून ठेवायचे आणि म्हणायचे, "तिकडं थंडी असते."

तिकडं म्हणजे पोलंडात. पोलंडमधल्या एका लहानशा, जुन्या, तटबंदीच्या गावात. त्या गावाचं नाव मला आजही धड म्हणता येत नाही. पाचसहा व्यंजनं एकमेकांच्या मांडीवर बसलेली, स्वराला टेकायला जागा नाही. सरांना ते म्हणता यायचं, पण ते म्हणत नसत. ते त्याला 'तिकडचं खुलताबाद' म्हणायचे. दोन्ही गावं टेकडीवर, दोन्हींना तट, दोन्हींना वेशी, आणि दोन्हींचा कारभार आटोपून लोक कधीच दुसरीकडे निघून गेलेले. एवढं साम्य सरांना पुरेसं होतं.

मी सोयगावहून नोकरीसाठी आलो तेव्हा क्रांती चौकातून आत वळल्यावर तिसऱ्या गल्लीत सरांच्या घरात खोली मिळाली. वाळूजच्या कारखान्यात मी मशीनवर होतो. सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक, एकटे. लग्न केलेलं नव्हतं. मागच्या बाजूच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू : एकीत मी, दुसरीत सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सबाई. त्यांना सगळी गल्ली आपा म्हणायची. माझं नाव सरांनी पहिल्याच दिवशी रद्द केलं आणि सात वर्षं मला सोयगावकर म्हणूनच हाक मारली.

सरांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर जगाचा जुना नकाशा उलटा लावलेला होता. मागच्या कोऱ्या कापडावर सरांनी स्वतः त्या गावाचा नकाशा काढला होता. वेस, वेशीतून आत येणारी गल्ली, मधला चौक, चौकातली विहीर, घड्याळाचा मनोरा, औषधाचं दुकान, पाववाला. प्रत्येक दोन जागांच्या मध्ये पावलांचा आकडा. आणि चौकाच्या उत्तरेला एका घरावर बारीक फुली, तिच्याखाली लिहिलेलं : 'इथून पत्र येतं.'

पत्रं यायची खरी. वर्षाला चार-पाच. सर शाळेत नवीन होते तेव्हा मुलांना युरोपातलं एखादं लहान गाव शिकवावं म्हणून त्यांनी कुठल्याशा मासिकातला पत्ता बघून पत्र टाकलं होतं, आणि तिथल्या भूगोलाच्या शिक्षकाचं उत्तर आलं होतं. तेव्हापासून चाळीस-पंचेचाळीस वर्षं हे चाललेलं. पुस्तकातल्या नद्या आणि राजधान्या सरांना आवडत नसत. "राजधानी कुणालाही सापडते," ते म्हणायचे. "लहान गाव सापडणं, हा भूगोल."

रविवारी ते खुलताबादला जाऊन तिकडच्या गावाचा सराव करायचे. होय, सराव. मी आणि कधीमधी आपा त्यांच्याबरोबर असायचो. खुलताबादच्या वेशीत उभं राहून ते बूट झटकत आणि मोजत निघत. सर पाच फुटांच्या आतबाहेर, पण तिथं ते अशा ढांगा टाकत की स्वेटर वर सरकून बनियन दिसायचं. मी एकदा म्हणालो, "सर, दमानं. पडाल." सर म्हणाले, "पावलं तिकडून मोजून आलेली आहेत. तिकडची पावलं लांब आहेत. मी माझ्या पावलांनी गेलो तर भलत्याच घरात शिरेन."

दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका चाचांचं चहाचं हॉटेल होतं. सरांच्या हिशेबानं ते तिकडचं औषधाचं दुकान. चाचांना हे ठाऊक होतं आणि त्यांनी ते केव्हाच मान्य केलेलं होतं.

"आओ सर. पोलंड से कब आए?"

"आत्ताच," सर म्हणायचे.

"कैसा है उधर?"

"थंडी आहे. विहिरीवर बर्फ धरलाय."

चाचा मान हलवून गुडघ्याभोवती हात बांधायचे, जणू त्यांनाही तिकडचा गारठा लागतोय. बाहेर धोंडा फुटेल असं ऊन. "सर, एक बार सच्ची में जाके आओ ना," चाचा म्हणायचे. सर खिशातला पासपोर्ट चाचपायचे. तो तीनदा नवा करून घेतलेला होता आणि तीनही वेळा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा होता. आधी आई अंथरुणाला खिळलेली, मग शाळा, मग वय. खरं कारण मला वाटतं भीती होती. गाव तोंडपाठ झालं होतं आणि तिथं जाऊन एखादी गल्ली चुकीची निघाली असती तर सरांना ते सोसलं नसतं.

पोलिश भाषेतला एक शब्द सरांनी आम्हाला दिला होता. तिकडं 'हो'ला 'ताक' म्हणतात. सर हो म्हणतच नसत. आपा राहायला आल्या त्या दिवशी त्यांनी दारात उभं राहून विचारलं, "सर, अंदर येऊ का?" सर म्हणाले, "ताक." आपा परत गेल्या, कुठून तरी तांब्याभर ताक करून घेऊन आल्या. सरांनी तांब्या तोंडाला लावून रिकामा केला. पुढं खरा अर्थ कळल्यावरही आपा दर शुक्रवारी ताक आणत राहिल्या. मी एकदा विचारलं, "मग नाहीला काय म्हणतात, सर?" सर थोडा वेळ आठवत बसले. "तो शब्द तिकडून कधी आला नाही," म्हणाले. "इतक्या वर्षांत नाही म्हणायची वेळच आली नाही आमच्यावर."

आम्ही ज्यांना 'तिकडचे मास्तर' म्हणायचो त्यांच्याबद्दल सर कधी 'तो' म्हणाले नाहीत, 'ती' म्हणाले नाहीत. "तिकडून लिहिलंय," "तिकडं पाय दुखतोय," "तिकडं यंदा सफरचंदं बरी झाली." सात वर्षं मी हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात एक टकल्या, चष्मेवाला पोलिश मास्तर बसून राहिला. आणि गंमत बघा, शब्दांच्या लिंगाबाबत सरांइतका कडवा माणूस मी पाहिलेला नाही. आमचं शहर म्हणजे भाषेची खिचडी. मराठी, दखनी, हिंदी, त्यात माझ्यासारख्यांची सोयगावकडची बोली. कुणी 'पाणी आला' म्हणायचं, कुणी 'माझी पेन'. सर वाटेतल्या वाटेत थांबून दुरुस्त करायचे. भाजीवाल्याला, पोस्टमनला, लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या नवरदेवालाही.

"लिंग चुकलं की गाव चुकतं, सोयगावकर. पाणी नपुंसकलिंगी. पाणी आला नाही, पाणी आली नाही. पाणी?"

"आलं," मी म्हणायचो.

"दुरुस्त."

त्या एका शब्दावर माझी सर्वांत जास्त तालीम झाली, कारण दुष्काळाच्या वर्षी दुसरं काही बोलायला नव्हतंच. तो दुष्काळ बहात्तरपेक्षा वाईट, असं म्हातारी माणसं म्हणायची. धरणात गाळ दिसायला लागला होता. नळ आधी दोन दिवसांआड, मग चार, मग आला तर आला. सरांच्या घरामागं जुना आड होता. त्यानं बहात्तरलाही दगा दिला नव्हता, असं सर अभिमानानं सांगायचे. पण समोर सहा मजली इमारत उभी राहिली होती, तिच्यामागं आणखी दोन. त्यांनी बोअर मारले, आणखी खोल मारले, आणि एका आठवड्यात आमच्या आडाचा तळ उघडा पडला. सर वाकून आत बघत होते. "शहर वाढतंय," एवढंच म्हणाले. मग आम्ही गल्लीच्या तोंडाशी टँकरच्या रांगेत हंडे लावायला लागलो.

आणि अशा वर्षी सरांनी पाण्याच्या ड्रमाला कुलूप लावलं.

निळा, मोठा ड्रम. न्हाणीघरात ठेवलेला, झाकणाला साखळी आणि कुलूप. टँकरवर त्यांच्या वाट्याला आलेल्यातलं निम्मं पाणी ते गाळून त्यात ओतायचे आणि स्वतः वाटीभर पाण्यानं अंग पुसायचे. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाले, "पाहुणे येणार आहेत. एप्रिलात. लांबून. आल्यावर निदान स्वच्छ हातपाय तरी धुता यावेत." कोण पाहुणे, ते सांगेनात. घराला चुना लावून घेतला. नकाशावरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली. त्या दिवसांत ओलं फडकं म्हणजे चैन होती.

आपा दोन-दोन पाळ्या करून यायच्या. त्या एकदा फटकन बोलल्या. "सर, चार दिवस झाले मी डोक्यावरून पानी नाय घेतलं. दवाखान्यात मरीजांच्या अंगाचा वास, घरी माझ्याच अंगाचा वास. अन् तुमच्या ड्रमाला ताला?" सर खाली बघत म्हणाले, "आठवडाभराचा प्रश्न आहे, आपा." मला त्यांचा संताप आला होता, खोटं कशाला सांगू. ज्या माणसानं आम्हाला कधी दार लावलं नाही, त्यानं पाण्याला कुलूप लावावं, हे मला झोंबलं होतं.

एप्रिलचा तो आठवडा सर घराबाहेर पडले नाहीत. फोनजवळ खुर्ची टाकून बसायचे, स्वेटर घालून. गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला गल्लीत ओरडा झाला की टँकर चौकाशी आलाय. मी रात्रपाळी करून आलो होतो. अंग मोडून आलं होतं आणि डोकं तापलेलं. मी हंडे उचलले आणि सरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "ज्यांच्याकडं ड्रम भरलेले हायत त्यांनी बसावं खुर्चीवर. आमाला उन्हात जावंच लागतंय."

सर उठले. माझ्या हातातून हंडे घेतले. "तुझ्या नंबरावर मी उभा राहतो. तू फोनपाशी बस. इंग्रजीत बोलतील. फोन आला की पळत ये, मला बोलाव."

मी बसलो. लाज वाटली होती, पण सावली बरी वाटली. अर्ध्या तासानं फोन वाजला. खिडकीखालूनच बायका कळश्या आपटत चालल्या होत्या, त्यात पलीकडच्या माणसानं कुठून बोलतोय हे सांगितलेलं मला ऐकूच आलं नाही. बोलणं इंग्रजी नव्हतं. आपली दखनी.

"सर है क्या? उनकू इतनाइच बोलो, पानी आ गई. चार बजे तक है, बाद में निकल जाती. बोले तो समझ जाते वो."

"मालूम है," मी म्हणालो. "वो उधरीच गए." आणि फोन ठेवला.

मला हसू आलं. टँकरवाल्याला म्हणावं, जरा आधी कळवायचं होतंस. आणि पानी आ गई? हिंदीत तरी 'आ गया' म्हण. सरांच्या तावडीत सापडायला हवा होता हा.

सर तीन वाजता आले. स्वेटरवर घामाचे पट्टे, दोन्ही हंडे भरलेले. हंडे टेकवायच्या आधी त्यांनी विचारलं, "फोन?"

"नाय सर. तो टँकरवाल्याचा आलता फक्त. पाणी आलं म्हणून सांगत होता."

मी अगदी शुद्ध बोललो. आलं. सर फोनकडं बघत खुर्चीत बसले आणि दिवे लागेपर्यंत उठले नाहीत. शुक्रवारी बसले, शनिवारी बसले. रविवारी खुलताबादला गेले नाहीत. मग मे महिना लागला.

मेच्या शेवटी पत्र आलं. मीच ते पोस्टमनकडून घेतलं आणि आत नेऊन दिलं. सरांनी ओट्यावर बसून वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. मग मला हाक मारली.

"सोयगावकर, त्या गुरुवारी फोन आला होता. टँकरवाल्याचा म्हणालास. त्याचे शब्द सांग. जसेच्या तसे."

"पानी आ गई म्हणाला. चार वाजेपर्यंत आहे म्हणाला."

"आ गई?"

"व्हय. चुकीचंच बोलला तो. म्हणून मी सुधारून सांगितलं तुम्हाला. पाणी आलं."

सरांनी पत्राची घडी पुन्हा घातली. त्यांच्या तोंडाचे स्नायू हलत होते, मला वाटलं हसतील. मग म्हणाले, "बरोबर सुधारलंस. मीच शिकवलं होतं."

सात वर्षांत त्यांनी मला दिलेली ही सर्वांत मोठी शाबासकी. मी ती आनंदानं घेतली. संध्याकाळी आपांनाही सांगितली.

त्याच दिवशी सरांनी ड्रमाचं कुलूप काढलं आणि सगळं पाणी आम्हाला वाटून टाकलं. आपांनी केस धुतले, मी दोन बादल्यांनी अंघोळ केली. आपा म्हणाल्या, "अल्ला तुमचं भलं करो, सर." सर ताकसुद्धा म्हणाले नाहीत.

त्यानंतर पत्रं आली नाहीत. म्हणजे एक सरांनी पाठवलं, ते मीच पोस्टात टाकलं. पुढं तिकडून काही आलं नाही. खुलताबादही सुटलं. चाचांनी एका ड्रायव्हरबरोबर निरोप धाडला, "सर को बोलो, दवाई की दुकान खुली है." सर म्हणाले, "त्यांना सांग, मी पडलोय." पडले नव्हते. सकाळ-संध्याकाळ फाटकाशी उभे असायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "पानी आली का?"

ज्या माणसानं गावभर लिंग दुरुस्त करत आयुष्य घालवलं, त्यानं 'पानी आली का' म्हणावं. गल्लीत लोक हसायला लागले. मास्तर सटकले, म्हातारचळ लागला, असं बोललं जायचं. पोस्टमन, ज्याला सरांनी शंभरदा टोकलं होतं, तो मुद्दाम थांबून म्हणायचा, "आली नाही सर, आलं." मलाही ते बघवेना. मी एकदा त्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन आलो आणि हळूच म्हणालो, "सर, आली नाय. पाणी आलं."

सर म्हणाले, "हां. आलं."

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. पुण्याहून पुतण्या आला, त्यानं घर बिल्डरला दिलं. आता तिथं खाली गाड्या लावायची जागा आणि वर चार मजले आहेत. आड होता तिथं लिफ्ट आली. आपांची बदली झाली. मी सरांचा नकाशा मागून घेतला, पुतण्याला तो नकोच होता.

पुढं काही वर्षांनी आमच्या कारखान्यानं पोलंडातून एक मशीन घेतलं आणि ते शिकायला तिघांना पाठवलं. त्यात मी होतो. हात वर करून मागून घेतलं होतं. तिथल्या कारखान्यानं आम्हाला एक दुभाषी मुलगी दिली होती, इंग्रजी बोलणारी. तिला मी सरांच्या गावाचं नाव कागदावर दाखवलं. दोन तासांवर आहे म्हणाली, आणि रविवारी तिच्या गाडीतून घेऊन गेली.

वेशीपाशी उतरून मी नकाशा न उघडता चालायला लागलो. तो मलाही पाठ होता. गल्ली बरोबर. चौक बरोबर. मनोऱ्यावरचं घड्याळ बंद. विहिरीवर जाड काच बसवलेली, आत कोरडा तळ आणि लोकांनी टाकलेली चिल्लर. चौक बराचसा रिकामा, दोन म्हातारी माणसं बाकावर, पाऊस येऊन गेल्यासारखी ओली फरशी. फक्त पावलांचा आकडा जुळेना. सरांच्या आकड्यापेक्षा माझी पावलं प्रत्येक वेळी जास्त भरत होती. इथं सर एकटे ढांगा टाकत निघाले असते तर कुणी हसलं नसतं, असं मला वाटलं.

मुलगी मला पावाच्या दुकानात घेऊन गेली. काउंटरमागच्या बाईंशी बोलताना ती म्हणाली, "पानी." पुन्हा एकदा, "पानी."

मी इंग्रजीत विचारलं, "तहान लागली का तुला?"

"नाही. का?"

"पानी म्हणालीस ना. आमच्याकडं पानी म्हणजे पाणी."

ती हसली. "आमच्याकडं पानी म्हणजे बाई. मॅडम. मी त्यांना 'बाई' म्हणून हाक मारली."

मी हातातला पाव तसाच धरून उभा राहिलो. बाई. पानी आ गई. चार बजे तक है. बोले तो समझ जाते वो. हिंदीत चुकीचं, मराठीत चुकीचं, आणि जसंच्या तसं बरोबर. तो टँकरवाला नव्हता. पाहुण्या बाई उतरल्या असतील त्या हॉटेलातून कुणीतरी बोलत होता, आणि त्यानं लिंग चुकवलं नव्हतं. चुकवलं होतं मी, दुरुस्त करून.

चौकाच्या उत्तरेचं ते घर मी मुलीला दाखवलं, नकाशावरच्या फुलीसकट. मला पळून जावंसं वाटत होतं. तिनंच बेल वाजवली.

दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. ऐंशीच्या घरातल्या असतील, आणि उंच, माझ्यापेक्षाही वीतभर उंच. पावलांचा हिशेब दारातच मिटला. मुलीनं काहीतरी सांगितलं, त्यात मला 'इंडिया' कळलं. बाईंनी माझ्या हातातल्या कापडाकडं पाहिलं, ते घेतलं, टेबलावर पसरलं आणि आपल्या घरावरच्या फुलीवर बोट ठेवलं. खालचं मराठी त्यांना वाचता येत नव्हतं, पण काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही.

मग त्या सांगत गेल्या आणि मुलगी मला सांगत गेली. पहिल्या पत्राखाली शाळेनं त्यांचं नाव टाइप केलं होतं, नावाआधी पानी, म्हणजे श्रीमती. सरांना वाटलं, पानी हेच नाव. त्यांनी उत्तरात लिहिलं, 'प्रिय पानी, तुमच्या नावाचा अर्थ आमच्याकडं फार मोठा आहे.' बाईंनी ती चूक कधी सुधारली नाही. जगात त्या एकाच माणसासाठी त्यांचं नाव पानी होतं. त्या एप्रिलात निवृत्त शिक्षकांच्या सहलीबरोबर त्या आमच्या शहरात एक दिवस आल्या. सकाळी वेरूळला जाताना बसच्या खिडकीतून त्यांना खुलताबादची वेस दिसली, ती त्यांनी ओळखली. परत आल्यावर हॉटेलच्या माणसाला फोन लावायला सांगितला. सर निघालेत असं तो म्हणाला, म्हणून त्या चार वाजेपर्यंत दारात बसून राहिल्या. मग बस सुटली.

कपाटातून त्यांनी एक पत्र काढलं. मी पोस्टात टाकलेलं, तेच. आत तीन ओळी होत्या, इंग्रजीत. निरोप मिळाला होता. मी येऊ शकलो नाही. चूक माझी.

"म्हणून मी पुन्हा लिहिलं नाही," बाई म्हणाल्या. "निरोप मिळूनही जो माणूस येत नाही, त्याला काय लिहायचं." मग त्या माझ्याकडं वळल्या. मुलीनं त्यांचा प्रश्न इंग्रजीत सांगितला. "त्या विचारतायत, निरोप त्यांना खरंच मिळाला होता का?"

हो म्हणायला माझ्याजवळ शब्द होता. सरांनीच दिलेला. तो म्हटला असता तर सरांचं पत्र खरं ठरलं असतं आणि मी तसाच निसटलो असतो. दुसरा शब्द त्यांनी दिलाच नव्हता. माझ्या तोंडून सोयगावचा आला.

"नाय."

मुलगी भाषांतर करायला वळली, पण बाईंनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांना कळलं होतं. पुढं मुलीनं मला सांगितलं की त्यांच्याकडंही तो शब्द जवळपास तसाच आहे.

मी सगळं सांगितलं. फोन मी घेतला होता. सर रांगेत उभे होते, माझ्या नंबरावर, मी टोमणा मारला म्हणून. पाण्यासाठी रांग हे मुलीला नीट कळेना, तिनं दोनदा विचारून घेतलं. बाई टेबलावरच्या नकाशाकडं बघत ऐकत होत्या. सरांनी चूक स्वतःवर का घेतली हे मी सांगायला गेलो, पण ते मला जमलं नाही. सर गेले, हेही सांगितलं. बाईंनी हाताच्या तळव्यानं नकाशावरची एक घडी दाबून सपाट केली, ती पुन्हा वर आली, त्यांनी पुन्हा दाबली.

मग त्यांनी हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"त्या विचारतायत," मुलगी म्हणाली, "त्या दिवशी निदान पाणी तरी मिळालं का त्यांना?"

दोन्ही हंडे भरून घेऊन फाटकातून आत येणारे सर मला दिसले.

"ताक," मी म्हणालो.